रेषेपलीकडचा गुन्हा



गुन्ह्याची कारणे आणि न्यायव्यवस्था हा विषय मी मागून घेतला. मी वकील नाही, पोलीस खात्याशी माझा संबंध नाही. आमलीत पस्तीस वर्षे दवाखाना चालवणारा मी एक होमिओपॅथ. पण रोगाचे कारण शोधायची सवय जडली की ती दवाखान्याबाहेरही सुटत नाही.

गुन्ह्याचे कारण विचारले की आपण गरिबी, बेकारी, संगत, संस्कार अशी नावे घेतो. ती खोटी नाहीत. पण आपल्या मुलखात एक कारण नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. आमलीच्या परवानाधारक दुकानात रीतसर विकलेली बाटली वापीच्या दिशेने निघाली आणि गुजरातच्या हद्दीत शिरली की तीच मुद्देमाल होते. बाटली बदलली नाही, नेणारा बदलला नाही, त्याचे संस्कारही पाच मिनिटांत बदलले नाहीत. बदलली फक्त हद्द. या हद्दीमुळे बाटलीची किंमत वाढते, आणि त्या वाढीव किमतीवर एक अख्खा धंदा उभा राहतो.

माझ्या जैन घरात मद्य सप्तव्यसनांत मोजतात. मी थेंबही घेतलेला नाही. (आमच्या मदर टिंक्चरमध्ये अल्कोहोल असते, असे कोणीतरी पुटपुटले. बरोबर आहे. 1951 साली एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई दारूबंदी कायदा बव्हंशी वैध ठरवला, पण अल्कोहोलयुक्त औषधांना लागू होणारा भाग रद्द केला. आमचे टिंक्चर त्या निकालाचे ऋणी आहे.) सांगायचे एवढेच की पुढे मी जे बोलणार आहे ते दारूच्या बाजूने नाही.

या भागात दारू गुन्हा कधी झाली? आपल्या भोवतीच्या ठाणे आणि सुरत जिल्ह्यांत ताड, शिंदी आणि मोह ही झाडे वारली, कोकणा, धोडिया यांच्या रोजच्या जगण्यातली. लग्नात ताडी, मर्तिकात दारू, देवाला शिंपडायलाही दारू. मोहाचे फूल तर दुष्काळात खायचे अन्न. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती गाळपावर बंदी आली, सरकारी देखरेखीखाली मध्यवर्ती भट्ट्या आल्या, मक्तेदार आले, ताडाच्या झाडावर कर बसला. 1892 च्या मोहाच्या कायद्याने फुले साठवण्यावर आणि विकण्यावरही बंधने आली. आजोबा जे उघड्यावर करत होते तेच नातवाने केले की तो आरोपी. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने दक्षिण गुजरातवरील लेखात याला ‘रूढीपासून गुन्ह्यापर्यंत’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. सरकारला दारू बंद करायची नव्हती. महसूल हवा होता. दारू पूर्वीसारखीच राहिली, फक्त विकत घ्यावी लागू लागली, आणि उधारीच्या वहीतून जमिनी दारूवाल्यांकडे आणि सावकारांकडे गेल्या.

आणि मग 1922 साल. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीच्या रोगाची साथ आली. देवी हा आपल्याकडे रोगाचाही शब्द आणि ईश्वराचाही. साथ जावी म्हणून सुरू झालेले विधी डोंगराकडे सरकत सुरत जिल्ह्यापर्यंत पोचले आणि वाटेत त्यांचे रूपच पालटले. अंगात आलेली देवी सांगू लागली: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या धंद्यातल्या मालकांकडे मजुरीला जाऊ नका. हजारोंच्या सभा भरल्या. दुकाने ओस पडली. पोलीस नव्हता, कलम नव्हते, दंड नव्हता. काही गावांत हे टिकले, काही ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत विरले. पण शेवटची आज्ञा पुन्हा ऐका. तिने पिणाऱ्याला फक्त सुधारायला सांगितले नाही, विकणाऱ्याची मजुरी बंद केली. कारणावर घाव घातला.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. गुजरातने 2017 मध्ये अवैध दारूची निर्मिती, विक्री आणि वाहतूक यांवरची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत वाढवला. त्याआधी, 2009 मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेल्यावर, अशा मृत्यूंसाठी थेट मृत्युदंडापर्यंतची तरतूद केली. तरीही 2022 च्या जुलैत बोटाद भागात चाळीसहून अधिक माणसे दगावली. तिथे दारू नव्हतीच, मिथेनॉल होते. हे यकृतात पोचले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते. आधी डोळ्यांपुढे धुके, मग अंधत्व, मग मृत्यू. असा रुग्ण माझ्या दारात आला तर मी गोळी देत नाही, त्याला गाडीत घालून सरळ मोठ्या इस्पितळात पाठवतो. गुजरातेत आरोग्याच्या कारणावर डॉक्टरी शिफारशीने दारूचा परवाना मिळतो, आणि 2023 च्या डिसेंबरात गिफ्ट सिटीला सवलत मिळाली. म्हणजे ऐपत असेल तर रेषा ओलांडायला दार आहे. लठ्ठा पिणाऱ्याला ते दार नाही.

महाराष्ट्रात दारू मिळते म्हणून तिथे सगळे ठीक आहे, असेही नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला स्वस्त दारूने शंभरावर बळी घेतले. सत्र न्यायालयाचा निकाल लागायला 2024 उजाडले. चौघे दोषी ठरले, दहा जण सुटले. शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती लवकर आणि कोणाला, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

कोणाला? हद्दीवर पकडला जातो तो बहुधा खेप नेणारा. मोटारसायकल दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा, पैसे चौथ्याचे. 2011 च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीतली निम्म्याहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची होती, आणि पाड्यांवरच्या किती मुलांना कारखान्यात कायम नोकरी आहे हे इथल्या कारखानदारांनी मला सांगायची गरज नाही. एका खेपेची मजुरी आठवड्याच्या हजेरीएवढी असेल तर मुलगा काय निवडेल? त्याची आई माझ्याकडे झोप लागत नाही म्हणून येते. झोपेचे औषध मागते. कारण विचारले की सांगते: मुलगा आत आहे.

हे ‘आत’ म्हणजे शिक्षा नव्हे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती, त्यांतील 4,34,302 कच्चे कैदी. चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नव्हते. बिहारने 2016 मध्ये दारूबंदी आणल्यावर खटल्यांनी कोर्टे इतकी भरली की सरन्यायाधीश रमणा यांनी 2021 मध्ये त्या कायद्यात दूरदृष्टी नसल्याचे जाहीर बोलून दाखवले. पुढच्याच वर्षी पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंडावर सोडण्याची दुरुस्ती झाली. दुरुस्ती पिणाऱ्यापुरती. वाहणारा राहिलाच.

महाराष्ट्रात दुसरी एक वाट आहे, तिचा मला आदर वाटतो. गावातल्या बायका सह्या गोळा करून मतदान मागतात, आणि मत ‘आडव्या बाटली’ला पडले की दुकान बंद. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तिच्यामागे लोकांची चळवळ होती. शेजारच्या चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. बंदी वरून आली की खालून, यावर तिचे आयुष्य पुष्कळसे ठरते. 1922 च्या देवीनेही तेच दाखवले होते.

शेवटी जामिनाविषयी, कारण या सभागृहातल्या बहुतेकांकडे घरपट्टीची पावती आहे. खानवेलचा मुलगा वलसाड जिल्ह्यात पकडला गेला तर जामीन मंजूर होऊनही तो आतच राहू शकतो. जामीनदार कुठला? हवेलीचा, म्हणजे परमुलखातला. असेच मध्य प्रदेशात मोतीराम नावाच्या गवंड्याच्या बाबतीत झाले. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतःच्या एक हजाराच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार नाकारण्यावर कडक शब्दांत टीका केली.

हा निकाल कोर्टापुढे ठेवायला वकील लागतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात अनुसूचित जमातीच्या माणसाला तो मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोठडीत असलेल्यालाही मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, साध्या कागदावर चालतो. तो मुलाच्या आईने केला तरी चालतो, आणि तिला लिहिता येत नसेल तर शेजाऱ्याने लिहून दिला तरी चालतो.