अंडी ओली राहिली, तर मासे राहतील

नदीतले कितीतरी मासे तळाच्या दगडगोट्यांत वाढणाऱ्या किड्यांवर जगतात. यातले बरेच किडे काठाशी, पाण्याच्या रेषेलगतच्या दगडांना अंडी चिकटवतात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून विजेच्या मागणीप्रमाणे दिवसा जास्त, रात्री कमी पाणी सोडतात. पाणी उतरलं की अंडी उघडी पडून काही तासांत सुकतात. म्हणून २०१८ साली मे ते ऑगस्ट तिथं शनिवार-रविवार पाणी कमी, पण एकसारखं ठेवलं. त्या दोन दिवसांतली अंडी पुढं आठवडाभर पाण्याखाली राहिली. शनिवार-रविवारी विजेची मागणीही कमीच असते. धरणातून किती पाणी सोडणार, हे आपण विचारतोच. आता कसं सोडणार, हेही ग्रामसभेत विचारूया!