शाळा सुटली, पुढे काय?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या शाळेत वाढदिवसाला पेढे वाटायची पद्धत होती. एका वर्षी एक आई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. एरवी कुठल्याही घरात अठरावा वाढदिवस म्हणजे मतदार यादीत नाव, गाडीचं लायसन्स, कॉलेज. या माऊलीनं पुडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "बाई, आता याला उद्यापासून कुठं पाठवू?" वर्ष संपलं की हजेरीपटावरून त्याचं नाव कमी होणार होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे उत्तर द्यावं लागलं नाही.

मुंबईतल्या एका विशेष शाळेत मी १९९२ पासून एकोणतीस वर्षं शिकवलं. तेव्हा आमच्या पाटीवर 'मतिमंद' असा शब्द होता. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला हे चांगलंच झालं, पण त्या आईचा प्रश्न काही बदललेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अठरानंतर कार्यशाळा असतात, पण प्रत्येकाला तिथं जागा मिळतेच असं नाही, आणि मिळाली तरी घरापासून दोन गाड्या बदलून जावं लागतं. मग मूल घरी बसतं. खिडकीशी, टीव्हीसमोर. शाळेत स्वतःची वेणी स्वतः घालणारी एक मुलगी मला दोन वर्षांनी भेटली, तेव्हा तिची आई तिची वेणी घालत होती. "तिला फार वेळ लागतो हो," आई म्हणाली. वेळ लागतो हे खरं होतं. पण त्या मुलीकडे वेळेखेरीज दुसरं होतं काय?

आमची सगळ्यात मोठी चूक मला उशिरा कळली, आणि ती एका मुलानं शिकवली. तो अठरा वर्षांचा होऊन बाहेर पडला तेव्हा आम्हाला त्याचा फार अभिमान होता. हात चलाख. पाकिटं चिकटवणं, डझनाच्या हिशेबानं पुडे बांधणं, पट्टी लावणं, कशातच तो मागं नव्हता. ओळखीनं त्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात लावून दिलं. पंधरा दिवसांनी तिथल्या सुपरवायझरचा निरोप आला, "मुलगा आळशी आहे, घेऊन जा."

माझा विश्वास बसेना. मी जाऊन एका कोपऱ्यात दिवसभर बसले. सकाळी त्याच्यापुढे माल ठेवला, त्यानं तो दोन तासांत संपवला. नीटनेटका, मोजून, एक नग इकडचा तिकडे नाही. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसला. अर्धा तास, पाऊण तास. आजूबाजूची माणसं उठत होती, गोदामातून माल आणत होती. हा हलला नाही. कसा हलणार? शाळेत काम संपलं की पुढचा गठ्ठा मी त्याच्यासमोर ठेवत असे. दहा वर्षं ठेवत होते. 'माझं काम झालं, आता काय करू?' हे वाक्य मी त्याला शिकवलंच नव्हतं. आळशी मुलगा नव्हता, शिकवणाऱ्या बाई फार तत्पर होत्या.

ती नोकरी गेली. दुसरी मिळायला सव्वा वर्ष लागलं. त्या सव्वा वर्षात त्याचे वडील माझ्याशी तुटकपणे बोलायचे, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

त्यानंतर आम्ही मोठ्या मुलांच्या वर्गात मुद्दाम माल कमी ठेवायला लागलो. कात्री लपवायची, गोंद अर्धाच द्यायचा. मुलानं उठून यायचं आणि मागायचं. पहिले काही दिवस वर्गात नुसती शांतता असायची. मदतीला धावण्याची माझी सवय मोडायला मुलांपेक्षा मलाच जास्त दिवस लागले. मधल्या सुट्टीचाही वेगळा पाठ घेतला. डबा कुठं बसून खायचा, दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही, कुणी थट्टा केली तर काय म्हणायचं, बरं नसेल तर कुणाला सांगायचं. नोकरी जाते ती बऱ्याचदा हाताच्या कामामुळे जात नाही, या असल्या गोष्टींमुळे जाते.

काम शिकवायची रीत मात्र साधी आहे, घरीही करता येते. कामाचे बारीक तुकडे पाडायचे. चहा करणं आपल्याला एक काम वाटतं. मी एकदा लिहून काढलं तर तेवीस पायऱ्या झाल्या, त्यात 'गॅस बंद झाला का ते वाकून बघ' ही एक. आणि पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवायची. शर्टाचं बटण काजातून अर्धं बाहेर काढून द्यायचं आणि फक्त ओढायला सांगायचं. बटण लागलं! काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो. मग एकेक पायरी मागं सरकायचं.

पैशाचं काय सांगू? आमची मुलं नोट आकड्यावरून कमी आणि रंगावरून जास्त ओळखायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एकेक करून सगळ्या नोटांचे रंग बदलले. जुनी शंभराची निळसर होती, नवी फिकट जांभळी आली आणि नवी पन्नासची मात्र निळी. जुनी शंभर आणि नवी पन्नास दोन्ही चलनात! कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात गेली म्हणायला हरकत नाही. आम्ही पुन्हा खऱ्या नोटा घेऊन बसलो. खेळण्यातले पैसे मी कधीच वापरले नाहीत, ते मुलांनाही खोटेच वाटतात. ज्याला बेरीज-वजाबाकी जमत नाही त्याला एक युक्ती शिकवायची. दुकानदारानं सदतीस रुपये सांगितले तर 'तीस' एवढं ऐकायचं, दहाच्या तीन नोटा मोजायच्या आणि वर आणखी एक ठेवायची. सुटे परत येतील ते खिशात. हिशेब आला नाही तरी माणूस दुकानात जाऊ शकतो. आता सगळीकडे मोबाइलनं पैसे देतात. त्यात पैसे दिसतच नाहीत, कमी झालेले कळतच नाहीत. त्यावर माझ्याकडे अजून चांगला तोडगा नाही. खात्यात थोडेच पैसे ठेवा, एवढंच मी पालकांना सांगते.

प्रवास शिकवणं हा तर सबंध एक वेगळा कार्यक्रम होईल. शाळेत आम्ही इंग्रजी आकडे शिकवत होतो आणि बेस्टच्या बसवर समोर क्रमांक मराठीत! मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नऊसारखा. एक मुलगी भलत्याच बसमध्ये चढली तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानात आली. पहिले आठ दिवस मी मुलाशेजारी बसायची. पुढच्या आठवड्यात दोन बाकं मागं, मग पार शेवटच्या बाकावर, ओळख न दाखवता. त्यानंतर तो एकटा चढणार आणि मी उतरायच्या थांब्यावर आधीच जाऊन उभी. त्या वीस मिनिटांत माझ्या पोटात काय व्हायचं ते सांगता येत नाही. आईला तर मी त्या दिवशी कळवतच नसे. संध्याकाळी सांगायची. एकदा एक मुलगा थांब्यावर उतरला नाही. पुढच्या थांब्यापर्यंत मी धावले. तो तिथं शांतपणे उभा होता. म्हणाला, "बाई, झोप लागली. कंडक्टरकाकांना विचारलं." मी रागावणार होते, पण त्यानं विचारलं होतं!

मुलींच्या बाबतीत लोक वेगळंच बोलतात. "बाहेर कशी पाठवू?" हा प्रश्न रास्त आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण त्याचं उत्तर म्हणून मुलीला कोंडून ठेवलं तर ती सुरक्षित होते असंही मी पाहिलेलं नाही. १९९४ साली सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींवर पुण्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर गदारोळ उठला. या मुलींना पाळीची स्वच्छता जमत नाही, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. मला शाळेत लागून दोनच वर्षं झाली होती. आमच्या मोठ्या बाईंनी त्या आठवड्यात एक बाहुली, कापड आणि कॅलेंडर आणलं आणि वर्गाचं दार लावून घेतलं. तेच बारीक तुकडे, तीच चिकाटी. वर्षभरात बहुतेक जणी स्वतःचं स्वतः करू लागल्या. कॅलेंडरवर लाल टिकली लावायला तर त्या विसरत नसत. स्वतःच्या अंगाला कुणी हात लावला तर ओरडायचं, हेही त्याच दाराआड शिकवलं. हे शिक्षण नोकरीच्या आधी यायला हवं. पुष्कळ ठिकाणी ते येतच नाही.

कार्यशाळांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. दिवाळीत तुम्ही आमच्या मुलांनी रंगवलेल्या पणत्या घेता, त्याबद्दल आभार. पण दिवाळी वर्षातून एकदा येते, आणि कौतुकानं घेतलेल्या पणतीवर कुणाचं पोट चालत नाही. जी वस्तू किंवा जे काम लोकांना एरवीही लागतं, ते शिकवायला हवं. उपाहारगृहात भाजी निवडणं, लाँड्रीत घड्या घालणं, दुकानात मांडणीवर माल लावणं, कार्यालयात कागद क्रमानं ठेवणं. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनवरून चार टक्के केलं आणि त्यातल्या एका टक्क्यात पहिल्यांदाच स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग वगैरेंना जागा दिली. चांगलं झालं. पण त्या नोकरीच्या लेखी परीक्षेशी आमच्यातल्या बहुतेकांची गाठ पडायची नाही. आमची वाट कोपऱ्यावरच्या दुकानातून जाते. दुकानदारांना मी एवढंच म्हणायची, की महिनाभर ठेवा, आमची बाई रोज येईल, नाही जमलं तर आपण होऊन घेऊन जाऊ. तीनापैकी दोघं नाही म्हणायचे. तिसऱ्याच्या दाराशी पुन्हा जायचं.

पालकांना आणखी एक सांगायचं आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं. आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत गेल्यावर हे कळतं आणि मग धावपळ होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. वेळेत करा. पण त्याआधी मुलाला सही शिकवा, आणि कशाखाली सही करायची नाही तेही शिकवा. प्रत्येकाला पालक नेमावाच लागतो असं नाही.

त्या पॅकिंगवाल्या मुलाचं पुढं काय झालं ते राहिलंच. सव्वा वर्षानं त्याला एका कॅन्टीनमध्ये काम मिळालं. ताटं पुसून रचायची, पाण्याचे जग भरायचे. पहिल्या दिवशी जग भरून झाले तेव्हा तो गल्ल्यावरच्या मालकासमोर जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझं काम झालं, आता काय करू?" जेवायला बसलेली माणसं वळून बघायला लागली. आवाज जरा कमी करायला शिकवावं लागलं, पण ते नंतर.

पहिला पगार आईनं देवापुढं ठेवला. मी म्हटलं, थोडे तरी त्याला खर्च करू द्या. त्यानं थंड पेयाच्या सहा बाटल्या आणल्या, त्यातल्या दोन एका बैठकीत संपवल्या आणि तीन दिवस खोकत बसला. आई माझ्यावर रागावल्या. मी ऐकून घेतलं.

आता तो चाळिशीला आला आहे. वडील गेले. गेल्या वर्षी त्याच्या आईला भावाच्या आजारपणासाठी चार दिवस गावी जावं लागलं, आणि पहिल्यांदाच तो घरी एकटा राहिला. शेजारच्या काकूंना किल्ली दिली होती. काकूंनी नंतर सांगितलं, तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, पण गॅस त्यानं बंद केला, ओटाही पुसला आणि वेळेवर कामावर गेला. आई परत आल्यावर मला त्यांचा फोन आला. आवाजात जरा तक्रारच होती.

"सगळं केलं हो बाई. दुधाचं पातेलं मात्र तसंच ठेवलंय. तीन दिवसांचं. निघता निघत नाहीये."