विश्वाच्या तारा आणि न लागलेला ताळा

आज बचतीचा विषय बाजूला ठेवू. "सगळं विश्व कंपनांचं आहे, विज्ञानानंच सिद्ध केलंय," असं सांगून कडी, लॉकेटं विकणारे हल्ली गावात येतात. कुणी वर 'स्ट्रिंग थिअरी' हे नावही ठोकून देतं. म्हणून ही थिअरी काय आणि ती आज कुठवर आलीय, ते बघू.

भौतिकशास्त्राकडे दोन वह्या आहेत. एक आइन्स्टाईन यांची, 1915 सालची. तिच्यात ग्रह-तारे आणि गुरुत्वाकर्षण. दुसरी क्वांटमची, अणूच्या आतल्या जगाची. दोन्ही आपापल्या जागी चोख. पण कृष्णविवराच्या पोटात दोन्ही एकदम उघडाव्या लागतात, आणि तिथे ताळाच लागत नाही. पासबुक एक सांगतं आणि गटाची वही दुसरंच, तसं.

हा ताळा लावायला काही शास्त्रज्ञ म्हणाले, सगळ्याच्या मुळाशी ठिपक्यासारखे कण नाहीत, बारीक तारा आहेत. एकतारीची तार ताणली, सैल केली की सूर बदलतो ना? तशी तार थरथरेल तसा कण. सुरुवात 1968 ची. 1984 मध्ये ग्रीन आणि श्वार्झ यांनी गणितातली एक मोठी अडचण सोडवली आणि जगभर लोक यामागे लागले.

पण तार दिसणार कशी? एक अणू फुगवून दिसणाऱ्या सगळ्या विश्वाएवढा केला, तर ही तार आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढी होईल! स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवर जमिनीखाली 27 किलोमीटरचं गोल यंत्र आहे. तिथे 2012 साली हिग्ज कण सापडला. या थिअरीला हवे असलेले जोडीदार कणही तिथे मिळतील, अशी पुष्कळांची आशा होती. ते अजून मिळालेले नाहीत. शिवाय तिला दहा मिती लागतात. त्यातल्या जास्तीच्या सहा गुंडाळायच्या रीती किती? 1 वर 500 शून्यं, असा एक अंदाज आहे. त्यातली आपल्या विश्वाची कोणती, हे तिला सांगता येत नाही. टीकाकार नेमकं इथेच बोट ठेवतात.

मग सगळं फुकट का? मला तसं वाटत नाही. कृष्णविवरांचं काही गणित याच वाटेनं सुटलं. त्यात आपली माणसं आहेत: अलाहाबादला काम केलेले अशोक सेन, आणि आपल्या गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर, जे 2019 मध्ये इटलीतल्या ट्रिएस्टच्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र केंद्राचे संचालक झाले. आणि हे काम बहुतेक कागद-पेन्सिलीचं, म्हणजे त्या मानानं स्वस्तच.

पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी प्रयोगातून आलेला पुरावा एकही नाही. हे त्यातले जाणकारही मान्य करतात. मग कडं विकणाऱ्याला तो कुठून मिळाला? पुन्हा दारात आला, तर एवढं विचारा.

पुढच्या बुधवारी बँक कर्जाच्या व्याजाबद्दल बोलू. वह्या सोबत ठेवा.