नळीच्या टोकाचा निळा प्रकाश

‘गोळी घेतली की बरं वाटते.’ आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा असो की घाटाखालचा, पोटाची तक्रार घेऊन आलेला माणूस हे वाक्य हमखास बोलतो. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती गोळी त्यानं मेडिकलमधून स्वतःच आणलेली असते आणि महिनोन् महिने चालू ठेवलेली असते. बहुतेकांचा त्रास साध्या पित्ताचाच निघतो. पण ॲसिड कमी करणाऱ्या या गोळ्यांनी जठरातल्या कर्करोगाची जखमसुद्धा काही काळ भरून आल्यासारखी दिसू शकते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जठराचा कर्करोग लवकर ओळखायचा कसा, याचा सर्वांत जास्त विचार जपानमध्ये झाला, कारण तिथे हा आजार फार. ‘लवकरचा’ म्हणजे कोणता, हे तिथल्या तज्ज्ञांनी 1962 मध्येच ठरवलं: जठराच्या आतल्या अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरात असलेला, स्नायूपर्यंत न पोचलेला. या टप्प्यावर उपचार झाले तर पाच वर्षांनंतरही 90 टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. अडचण अशी की हा टप्पा बहुधा दुखत नाही. तोंडातून जठरात सोडलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपीत) पाहिलं तरी गाठ म्हणावी असं काही दिसत नाही. एखादा डाग जरा लालसर, जरा फिका किंवा किंचित खोलगट, एवढंच. साध्या पांढऱ्या प्रकाशात तो सूज आलेल्या अस्तरात सहज मिसळून जातो.

इथे नवी दुर्बीण कामाला येते. डॉक्टर हातातलं एक बटण दाबतात आणि पडद्यावरचं गुलाबी जठर क्षणात निळसर-हिरवं होतं. पांढऱ्या उजेडातून निळ्या आणि हिरव्या रंगांचे दोनच अरुंद पट्टे, साधारण 415 आणि 540 नॅनोमीटर तरंगलांबीचे, वापरलेले असतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेतं. निळा प्रकाश फार आत शिरत नाही, त्यामुळे अस्तराच्या अगदी वरच्या केशवाहिन्या तपकिरी रेघांसारख्या उठून दिसतात. वर भिंगाची सोय असेल तर या केशवाहिन्यांच्या जाळीची वीणसुद्धा दिसते. निरोगी जागी ती एकसारखी असते. कर्करोगाच्या जागी रेघा वेड्यावाकड्या, कुठे जाड, कुठे मध्येच तुटलेल्या. आणि निरोगी भाग जिथे संपतो तिथे एक स्पष्ट सीमारेषा. ती रेषा पाहिली की डॉक्टर तिथलाच तुकडा काढून तपासणीला पाठवतात. पक्कं निदान अजूनही त्या तुकड्यावरच होतं.

दुसरी पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. इंडिगो कारमाईन नावाचं निळं द्रावण अस्तरावर फवारायचं. सऱ्यांमधून पाणी सोडल्यावर शेताचे उंचसखल भाग जसे कळतात, तसं ते खाचांत उतरतं आणि न दिसणारा खोलगटपणा दिसू लागतो.

पण माझ्या मते यंत्राइतकंच महत्त्व मिनिटांना आहे. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये सुचवलं की पहिल्या तपासणीला किमान 7 मिनिटं द्यावीत. सिंगापूरच्या एका अभ्यासात तर सावकाश पाहणाऱ्या डॉक्टरांना धोक्याच्या जागा घाईनं पाहणाऱ्यांच्या दुप्पट सापडल्या. जठरात फेस आणि चिकट स्राव असेल तर महागडी दुर्बीणसुद्धा आंधळी. म्हणून आधी फेस मोडणारं औषध देतात, आत पाण्यानं धुतात. रुग्णांच्या रांगेत हे सगळं सांभाळणं सोपं नाही. बुलढाण्याला 2024 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथे घडणाऱ्या डॉक्टरांनी निवांत पाहायची सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मग सगळ्यांनीच दुर्बीण घालून घ्यायची का? नाही. आपल्याकडे हा आजार जपान किंवा मिझोरामइतका नाही. मात्र वजन उतरणं, घास अडकणं, वारंवार उलट्या, डांबरासारखं काळं शौच, कारण न कळता रक्त कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर गोळ्यांवर दिवस काढू नका. खरं तर एवढी लक्षणं दिसेपर्यंत आजार बरेचदा पुढे गेलेला असतो. लवकरचा कर्करोग सापडतो तो बहुधा भलत्याच तक्रारीसाठी दुर्बीण घातल्यावर. पित्तासाठी केलेली तपासणीही नीट व्हायला हवी, ती यासाठी.

या तपासणीची भीती मात्र नको. घशात कडवट औषध फवारून तो बधिर करतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लास्टिकचा माउथगार्ड देतात. उमासे येतात, पण नळी अन्ननलिकेतून जाते, श्वासाची वाट मोकळी राहते. भिंगवाली दुर्बीण मोठ्या केंद्रांतच असते, तेव्हा त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल. पहाटेच्या एस.टी.नं निघालात तर स्टँडवर दुधाचा चहा घेऊ नका; पोट रिकामं हवं. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत असू द्या. तपासणीत जठराचा अल्सर निघाला, तर औषधांचा कोर्स संपल्यावर पुन्हा दुर्बीण कधी घालायची, ती तारीख दवाखान्यातून निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.