लहान रायफलीची दुर्बीण



काल याच व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवरील निरूपण ऐकलेत आणि आज एक मनुष्य बंदुकीवर बोलावयास उभा राहिला आहे, हे पाहून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. त्यांना आरंभीच सांगतो की, मी शिकार शिकवावयास आलेलो नाही. माझा विषय पुष्कळ लहान आहे. पॉइंट टू-टू म्हणून आपण जिला ओळखतो त्या लहान रायफलीवर दुर्बीण बसवावयाची, आणि तीही मध्यम स्थितीच्या माणसाला परवडेल अशी, तर काय पाहून घ्यावी, एवढाच.

हा प्रश्न मला अलीकडे वारंवार विचारला जातो, याचे कारण उघड आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी याच जातीच्या रायफलीने पन्नास मीटरच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. तेव्हापासून आईबाप मुलाचा हात धरून येतात आणि विचारतात, "साहेब, रायफल क्लबची मिळेल, पण दुर्बीण आम्ही कोणती घ्यावी?"

या पालकांना माझे उत्तर दोन शब्दांचे आहे : घेऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांच्या रायफल-स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. कुसाळे काय आणि सावंत काय, दोघांनीही नेम धरला तो मागच्या बारीक छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून. मध्ये वस्तू मोठी करणारे भिंग नव्हते. ज्या दहाच्या वर्तुळावर त्यांचे लक्ष, त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर, आणि ते पन्नास मीटरवर! तेव्हा मुलाला पदक मिळवावयाचे असेल तर दुर्बिणीचे पैसे चांगल्या जाकिटावर आणि काडतुसांवर खर्च करा. एका गृहस्थांनी माझ्याकडे येण्यापूर्वीच दुर्बीण खरेदी केली होती. ती परत घेण्यास दुकानदार तयार होईना. ती आता त्यांच्या गच्चीवर पक्षी पाहण्याच्या कामी येते, आणि पक्षी पाहण्यासही ती फारशी चांगली नाही.

मग दुर्बीण लागते कोणाला? ज्यांच्याजवळ रीतसर परवान्याची रायफल आहे आणि जे मौजेखातर कागदी निशाणावर बार काढतात त्यांना; ज्यांची दृष्टी चाळिशीनंतर माशी आणि निशाण एकदम स्पष्ट पाहू शकत नाही त्यांना; आणि आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे अमेरिकेत आहेत त्यांना. तिकडे ही रायफल घरोघर आढळते आणि शनिवार-रविवारी बाप मुलांना घेऊन मैदानावर जातो.

या रायफलीचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. तिच्या काडतुसात पेटणारी दारू बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या घडीत भरलेली असते, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. या मापाचे पहिले आखूड काडतूस अमेरिकेत १८५७ साली निघाले आणि आज सर्वत्र चालते ते 'लाँग रायफल' काडतूस १८८७ सालचे. गोळी चाळीस ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमची. वेग ध्वनीच्या वेगाच्या थोडा मागे किंवा थोडा पुढे. आपल्यापैकी ज्यांनी एन.सी.सी.त बार काढले असतील त्यांना आठवत असेल की खांद्याला धक्का असा जाणवतच नाही. पण गोळी हळू जाते म्हणून लवकर खाली झुकते. पन्नास यार्डांवर नेम जुळवला तर शंभर यार्डांवर ती सहा-सात इंच खाली लागते. म्हणून या रायफलीचे राज्य पन्नास यार्डांच्या आसपास. आणि दुर्बीण निवडताना ही गोष्ट पदोपदी आठवावी लागते.

स्वस्त दुर्बिणीचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. एकेकाळी रायफलीची दुर्बीण ही धनिकांची चीज होती. १९३० साली वीव्हर नावाच्या एका तरुण अमेरिकनाने पाऊण इंची नळीची तीनपट दुर्बीण तयार केली आणि बैठकीसह एकोणीस डॉलरांना विकावयास काढली. ते दिवस तिकडच्या महामंदीचे, तरी ती खपली. त्याचा कारखाना पुढे टेक्सासमधील एल पासो येथे गेला व १९८४ साली बंद पडला. परंतु दुर्बीण ज्या पट्टीवर बसवितात त्या पट्टीला अजून त्याचेच नाव आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण एक लहानसा प्रयोग करू. प्रत्येकाने एक डोळा मिटून हात लांब करावा आणि अंगठा या सभागृहाच्या खांबावर धरावा. आता मान डावी-उजवीकडे हलवा. अंगठा खांबावरून सरकतो. तोच अंगठा खांबाला टेकवून धरला असता तर मान कितीही हलविली तरी सरकला नसता. दुर्बिणीत हेच घडते. आत उभी-आडवी तार असते आणि निशाणाची प्रतिमा नेमकी त्या तारेच्या पातळीवर पडली पाहिजे. ती पुढेमागे पडली की डोळा किंचित हलताच तार निशाणावरून सरकते, आणि रायफल जागची हलली नसतानाही आपण नेम 'सुधारतो'. याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

साध्या दुर्बिणीत ही प्रतिमा एकाच अंतरासाठी जुळवलेली असते. मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठी केलेल्या दुर्बिणीत ते अंतर बहुधा शंभर किंवा दीडशे यार्ड असते; रिमफायरसाठी केलेल्या दुर्बिणीत बहुधा पन्नास, लिऊपोल्डसारख्या कारखान्याच्या दुर्बिणीत साठ. आता हिशेब पाहा. पुढचे भिंग बत्तीस मिलिमीटरचे आणि जुळणी शंभर यार्डांची असेल, तर पन्नास यार्डांवर डोळा अगदी कडेला गेल्यास चूक आठ मिलिमीटर येते. मघाशी सांगितलेल्या दहाच्या वर्तुळाची त्रिज्या आहे ५.२ मिलिमीटर. म्हणजे हात पाषाणासारखा स्थिर असूनही नुसत्या डोळ्याच्या हालचालीने दहाचे नऊ होऊ शकतात. तीच दुर्बीण पन्नास यार्डांना जुळवलेली असेल तर पन्नास मीटरवर ही चूक पावणेदोन मिलिमीटरांच्या आत राहते. पंचवीस यार्डांवर पहिली बारा मिलिमीटर चुकवील, दुसरी आठ.

डोळा दर वेळी बरोबर मध्यावर ठेवला तर ही चूक शून्य होते, हे खरे. परंतु तसा गाल ठेवता येणे हेच तर वर्षानुवर्षांच्या सरावाचे फळ आहे, आणि ज्याला ते साधले आहे तो माझ्याकडे स्वस्त दुर्बीण विचारावयास येणार नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न 'किती पट?' हा न विचारता 'किती यार्डांना जुळवलेली?' हा विचारावा. पुढचे कडे फिरवून अंतर बदलता येते अशी दुर्बीण मिळाली तर फारच उत्तम. तिला थोडे पैसे अधिक पडले तरी ते सार्थकी लागतात.

पटीच्या बाबतीत लोक नाहक हुरळून जातात. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. बत्तीसचे भिंग आणि चारपट, म्हणजे आठ मिलिमीटर. तेच नऊपट केले की साडेतीन. दिवसा आपली बाहुली दोन ते चार मिलिमीटर उघडते, तेव्हा दिवसा नऊपटही भागते. पण झोत बारीक झाला की डोळ्याला जागा सापडत नाही, आणि नवशिक्याला कधी अंधार तर कधी अर्धचंद्र दिसतो. शिवाय हाताचा प्रत्येक कंप नऊपट मोठा होऊन डोळ्यापुढे नाचतो. माझे मत विचाराल तर मर्यादित पैशांत कायम चारपटीची, इंची नळीची, बत्तीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्यावी. त्याच किमतीच्या बदलत्या पटीच्या दुर्बिणीत आतले सुटे भाग अधिक, म्हणून प्रत्येक भागावर झालेला खर्च कमी.

पन्नास मिलिमीटरचे तोफेसारखे तोंड पाहून तर अजिबात भुलू नये. तेवढे भिंग नळीच्या वर राहावे म्हणून दुर्बीण उंच चढवावी लागते. मग गाल दस्त्यावरून सुटतो, मान अधांतरी राहते, आणि पुन्हा तो पॅरॅलॅक्स हजर! उलट टोकाला, रायफलीबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या पंधरा मिलिमीटर भिंगाच्या पेन्सिलीएवढ्या दुर्बिणी असतात. त्यांतून दिसते बरे. खोट असते ती आतल्या स्प्रिंगांत. आज जुळवलेला नेम उद्या राहत नाही.

ही खोट दुकानात पकडता येते का? थोडीफार येते. दुर्बीण वाळूच्या पिशवीवर घट्ट ठेवा, दूरच्या एखाद्या खुणेवर तार आणा, आणि वरची फिरकी वीस टिचक्या वर, बाजूची वीस टिचक्या उजवीकडे, मग तितक्याच खाली आणि तितक्याच डावीकडे फिरवा. तार मूळ खुणेवर परत आली पाहिजे. पट बदलणारी असेल तर पट बदलताना तार खुणेवरून ढळते का तेही पाहा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. पैसे आपले आहेत. अमेरिकेत आज शंभर डॉलरच्या आतबाहेर या कसोटीला उतरणाऱ्या दुर्बिणी मिळतात, पण त्या दराच्या सगळ्याच उतरतात असे नाही.

आणि बैठक! पुष्कळ लोक दुर्बिणीवर सर्व पैसे खर्चून कडी मात्र उरल्यासुरल्या आण्यांत घेतात. बहुतेक लहान रायफलींच्या माथ्यावर अरुंद खाच असते, सुमारे अकरा मिलिमीटरांची. वीव्हर पट्टीची रुंद कडी तिच्यावर बसत नाहीत, म्हणून खाच मोजूनच कडी घ्यावी. तार उभी सरळ आहे ना हे भिंतीवरच्या ओळंब्याकडे पाहून ठरवावे, आणि स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. 'दुर्बीण बिघडली' म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी दुर्बिणींचे दुखणे सैल स्क्रूचे निघाले आहे.

टिचकीविषयी एक गोंधळ नेहमी होतो. फिरकीवर 'पाव इंच' असे लिहिलेले असते, ते शंभर यार्डांसाठी. पन्नासवर तीच टिचकी इंचाचा आठवा भाग सरकवते, पंचवीसवर सोळावा. पंचवीस यार्डांवर गोळ्या इंचभर खाली लागत असतील तर सोळा टिचक्या द्याव्या लागतात. लोक चार देतात आणि दुर्बिणीला शिव्या देतात. एका गोळीवरून फिरकीला हात लावू नये. पाच गोळ्या सोडाव्यात आणि त्यांच्या पुंजक्याचा मध्य धरावा.

छर्ऱ्याच्या स्प्रिंगवाल्या हवाई बंदुकीवर मात्र ही दुर्बीण चढवू नका. तिचा धक्का आधी मागे आणि मग एकदम पुढे बसतो. त्या दुसऱ्या धक्क्यासाठी रिमफायरची दुर्बीण केलेली नसते, आणि चांगल्या दुर्बिणीच्याही तारा त्याने निखळतात.

मघाशी आत येताना एका शेतकरी बंधूंनी विचारले, उसात रानडुकरे शिरतात, त्यांना ही रायफल दुर्बीण लावून चालेल का? त्यांचे नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे, तरी उत्तर नाही असेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना असला तरी तो जनावरे मारण्याची मुभा देत नाही. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि वनखात्याची वाट धरावी लागते. शिवाय अडीच ग्रॅमच्या गोळीने डुक्कर मरत नाही. जखमी होऊन चार दिवस उसात कण्हते, आणि पाणी द्यायला गेलेल्या बाईवर धावून येते. दुर्बिणीने नेम सुधारतो, गोळीचे वजन वाढत नाही.

रायफल मी आणलेली नाही. मागच्या टेबलावर लाकडी घोडीवर दोन दुर्बिणी बसवून ठेवल्या आहेत, एक पन्नास यार्डांची आणि एक शंभरची. दोन्हींचे तोंड सभागृहाच्या दाराबाहेरच्या दिव्याच्या खांबाकडे आहे, आणि तो खांब पावलांनी मोजून बरोबर पन्नास यार्डांवर आहे. घोडीला हात न लावता नुसती मान हलवून पाहावी. मुलांना आधी येऊ द्या.