न दुखणारी गाठ

मराठीत रोगाला ‘दुखणे’ हाच शब्द रूढ आहे. अंग दुखत नाही, ताप येत नाही, जेवणखाण नीट चालले आहे, तोवर माणूस बरा, असा सर्वसाधारण समज. पुष्कळ बाबतींत तो खराही ठरतो. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र तो घात करतो. कारण या रोगाची पहिली गाठ बहुधा दुखतच नाही. स्नानाच्या वेळी ती हाताला लागते, काळजात चर्र होते, आणि ‘दुखत तर नाही’ एवढ्या समाधानावर ती गोष्ट पदराआड जाते. मुलीचे लग्न पार पडू दे, दिवाळी होऊन जाऊ दे, असे करता करता वर्ष उलटते.

या रोगाचा धोका कमी करणे म्हणजे दोन निरनिराळ्या गोष्टी होत. एक, रोग होण्याचाच संभव कमी करणे. दुसरी, रोग झालाच तर त्यामुळे मृत्यू येण्याचा संभव कमी करणे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे कोणाला खोटा दिलासा मिळतो, तर कोणाच्या पदरी विनाकारण दोष येतो.

पहिल्या गोष्टीचा माग फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील पाडुआच्या विद्यापीठात शिकविणारे वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी नोंदविले, की मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. कारण त्यांना उलगडले नाही. पण निरीक्षण खरे होते. पुढे १९२६ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने पाचशे रुग्ण स्त्रिया आणि साधारण तितक्याच कर्करोग नसलेल्या स्त्रिया यांची आयुष्ये ताडून पाहिली. अपत्ये कमी आणि स्तनपान थोडे, अशा स्त्रियांत रोग अधिक, असे त्यांना दिसले. २००२ साली तीस देशांतील सत्तेचाळीस अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे हा धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो, असे निष्पन्न झाले. बाळाचे दूध आईचेही रक्षण करते, ते असे.

चाळिशी-पन्नाशीनंतरचे वाढते वजन हेही एक कारण होय. पाळी थांबल्यावर बीजकोशातून इस्ट्रोजेन हा अंतःस्राव येईनासा होतो. परंतु अंगावरील चरबीत तो तयार होतच राहतो, आणि स्तनातील पेशींच्या वाढीस चालना देतो. म्हणून रोजचे चालणे, अंगमेहनत आणि बेताचा आहार यांना येथे औषधाचे मोल आहे. मद्य थोडे घेतले तरी धोका वाढवते.

तथापि एवढे सगळे पाळूनही रोग होतो. वाढते वय कोणाला टाळता येत नाही. काही कुळांत हा दोष जन्मतःच चालत येतो; आई, बहीण किंवा मावशी यांना हा रोग झाला असेल, तर ती माहिती डॉक्टरांना आधीच सांगावी. गाठ आलेल्या स्त्रीला ‘तुझेच काही चुकले असेल’ असे म्हणणे हे अज्ञान तर आहेच, पण क्रौर्यही आहे.

येथून दुसरी गोष्ट सुरू होते. पुष्कळ पाश्चात्त्य देशांत ठराविक वयाच्या स्त्रियांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, नियमाने होते. भारतात ती घरोघर पोहोचविणे खर्चाचे आणि कठीण. मग साध्या हातांनी काय साधेल, हे पाहण्यासाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली एक मोठा प्रयोग आरंभिला. शहरातील झोपडवस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, स्तनांची हाताने तपासणी करीत आणि रोगाची लक्षणे समजावून सांगत. वीस वर्षांच्या पाहणीचे फळ २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटातील रुग्णांपैकी ४७ टक्के स्त्रियांचा रोग तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत पोहोचल्यावर सापडला. तपासणीच्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. पन्नाशी आणि त्यापुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र अशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. यंत्राविना, केवळ शिकलेल्या बोटांनी साधलेले हे यश लहान नव्हे.

म्हणून खुणा ठाऊक असाव्यात. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, किंवा एका स्तनाच्या आकारात अलीकडे झालेला बदल, यांपैकी काहीही दिसले तर दाखवावे. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरविणे सुईने काढलेल्या लहानशा तुकड्याच्या तपासणीचे काम आहे, शेजारणीच्या अनुभवाचे नव्हे. रोग लवकर सापडला तर पुष्कळदा स्तन राखूनही उपचार करता येतो. ‘सगळेच कापून टाकतील’ या धास्तीने जी घरी बसते, तिच्यावरच तशी वेळ येण्याचा संभव अधिक.

परंतु सर्व भार स्त्रीवर टाकून चालणार नाही. डॉक्टरकडे जायचे तर दिवस मोडतो, पैसा लागतो आणि बरोबर कोणी तरी लागते. घरातील सर्वांची औषधे वेळेवर देणारी बाई स्वतःविषयी बोलते, तेव्हा ते बहुधा एकदाच आणि हळू आवाजात. ते ऐकणारा नवरा, मुलगा किंवा सून ‘दुखते का?’ एवढेच विचारून थांबली, तर ती पुन्हा बोलणार नाही. त्या प्रश्नाऐवजी ‘उद्याच दाखवून येऊ’ असे उत्तर तिला मिळाले, तर धोका कमी करण्याचे निम्मे काम त्या घरात, त्याच क्षणी झालेले असते.