पिशव्या सांभाळणारीची जागा

आम्ही पळसदेवच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. दिवाळीनंतर आम्ही पोराबाळांसकट चोवीसजण एका मोठ्या खेळ-उद्यानात जाऊन आलो. अशी उद्यानं आता नवी राहिली नाहीत. गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. आम्ही गेलो त्याचं नाव घेत नाही, कारण बोलायचंय ते एकट्या त्याच्याबद्दल नाही. अशा जागा कुणाला डोळ्यांपुढं ठेवून बांधतात, त्याबद्दल बोलायचंय.

आधी चांगलं सांगतो. रुळावरच्या उंच गाडीत आमच्यातल्या सहाजणी बसल्या. त्या गाडीला इंजिनच नाही. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, पुढं सगळा उताराचा जोर. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच, पुढचा कुठलाही त्याच्याहून ठेंगणा. उलटं करणारा फेराही बांगडीसारखा गोल नसतो, वर निमुळता असतो. पुरता गोल केला तर तळाशी येताना अंगावर फार दाब येतो. एक पोरगी दांडी लावून जायची, दुसरी येऊन ती ओढून बघायची, मगच गाडी सुटायची. हे आम्हाला फार आवडलं.

आता खटकलं ते. आमच्यातल्या एका थोराड बाईला ती दांडी बसेना. तिला सगळ्यांदेखत उतरवलं. दांडी बसत नसेल तर उतरवलंच पाहिजे, त्यात चूक नाही. पण तसली एक खुर्ची रांगेच्या तोंडाशी ठेवली असती, तर तिनं तासभर उभं राहण्याआधीच बसून बघितलं असतं. पदर, ओढणी, वेणी कशी बांधायची, हेही अगदी शेवटी सांगितलं.

दुसरं म्हणजे, पाळण्याखाली उभी राहते ती कोण? तान्हं पोर, सगळ्यांच्या चपला, पिशव्या सांभाळत एक बाई असतेच. तिला ना बाकडं, ना सावली. दिवसभरात ती एकाही खेळात बसली नाही. परदेशात डिस्नेच्या उद्यानांत यावर तोड काढलीय. लहान मुलाजवळ एकानं थांबायचं, दुसरा खेळून आला की थांबलेल्यानं पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जायचं. याला ना यंत्र लागतं, ना फार पैसा. त्या बाईची आठवण तेवढी लागते.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. सजवलेल्या गाड्या, नाचणारी माणसं, मोठा आवाज. रस्त्याला दोर लावलेला. पुढं उंच बाप्ये उभे, मागं आम्ही. आम्हाला दिसले ते मोबाईल धरलेले हात. पाच मिनिटांत मिरवणूक पुढं गेली.

तेव्हा आम्हाला बेलवाडीचं रिंगण आठवलं. तुकोबांची पालखी आपल्या इंदापूर तालुक्यात येते, तेव्हा बेलवाडीत आणि इंदापुरात गोल रिंगण होतं. पुढचे बसतात, मागचे उभे राहतात. फेरा गोल, म्हणून प्रत्येकापुढून एकदा तरी सगळं जातंच. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व. बघणारी बाई पुढच्या वर्षी तुळस घेऊन आत धावू शकते. त्या उद्यानातल्या मिरवणुकीत आम्हाला जागा होती ती फक्त दोराबाहेर. गर्दी आपल्याकडं काय कमी असते? पण मागच्याला दिसलं पाहिजे, हा विचार आपल्या जुन्या माणसांनी आधीच करून ठेवलाय.

मैत्रिणींनो, हे सगळं आज का सांगतोय? उजनीचं पाणी उतरलं की आपलं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. लांबून माणसं येतात, होडीत बसतात. २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगावच्या मधे वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहाजण गेले. ते पाणी आपलंच आहे, रोजच्या येण्याजाण्याचं. उद्यानात तीन मिनिटांच्या खेळाला दांडी दोनदा ओढून बघतात. मग आपल्या होडीत पोर बसवताना आपण काय बघतो?

म्हणून आमच्या गटानं चार गोष्टी ठरवल्यात. अंगावर जॅकेट बांधल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. होडीत किती माणसं घेणार, ते आधी विचारायचं. वारा सुटला तर उशीर झाला तरी चालेल, काठावरच थांबायचं. आणि जत्रेत पाळणा आला की परवानगीचा कागद, पाळण्याच्या दाराची कडी आणि खिळ दिवसाउजेडी बघायची, ग्रामपंचायतीला सोबत घेऊन. पाळण्याखाली दोन बाकडी आणि एक मांडवही मागायचाय.

कुणी म्हणेल, बायांना यातलं काय कळतं? दार नीट लागलं का, पोर आत आहे का, हे रोज रात्री आपणच तर बघतो. तेच इथं बघायचंय. तुमच्या गावच्या जत्रेआधी तुमच्या गटातही हे बोलून घ्या. राम कृष्ण हरी.